सिझर लिफ्ट बास्केटमधून चालवताना: जमीन तपासण्यापासून चार्जिंगला लावेपर्यंत

सिझर लिफ्ट म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या आर्मवर माणसांना वर नेणारं चाकांचं मशीन; माणसं उभी राहतात तो रेलिंगचा प्लॅटफॉर्म म्हणजेच बास्केट. तिचा जॉयस्टिक शिकायला दहा मिनिटं पुरतात. बटणं कळली म्हणजे मशीन कळलं, असं धरून माणूस वर जातो. वर गेल्यावर लिफ्टचा ताबा त्याच्या हातात असतो, पण चाकांखालची जमीन त्याला दिसत नाही आणि डोक्यावरचा बीम बहुतेक वेळा पाठीमागे असतो. म्हणून या लेखात बटणांइतकीच जागा जमिनीला आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला दिली आहे.

भिवंडीच्या गोदामांत किंवा चाकण-रांजणगावच्या शेडमध्ये दिवे, स्प्रिंकलर, केबल ट्रे, डक्ट या कामांना जी बॅटरीवरची लहान लिफ्ट सर्रास दिसते, ती १९ फुटी वर्गातली. इथे तिचाच विचार केला आहे. मॉडेलच्या नावातच माप असतं. जिनी कंपनीच्या जीएस-१९३० मध्ये १९ म्हणजे प्लॅटफॉर्मची उंची फुटांत आणि ३० म्हणजे मशीनची रुंदी इंचांत. ३२४६ म्हणजे ३२ फूट उंच, ४६ इंच रुंद. स्कायजॅक ही दुसरी कंपनी मात्र हेच उलट लिहिते: त्यांची ३२१९ ही १९ फुटीच लिफ्ट आहे, ३२ इंच रुंद. भाड्याने मागवताना या उलटसुलट आकड्यांवर लक्ष ठेवा. १९ फूट म्हणजे ५.८ मीटर. कॅटलॉगमध्ये छापलेली ‘वर्किंग हाइट’ याहून सुमारे २ मीटर जास्त असते, कारण तीत माणसाची उंची आणि वर पोचणारा हात धरलेला असतो.

खाली दिलेले आकडे या वर्गातल्या मशीनचे आहेत. तुमच्या मशीनची पुस्तिका बास्केटमधल्या डब्यात असायला हवी, आणि आकडा वेगळा निघाला तर पुस्तिकेचाच खरा. डब्यात पुस्तिका नसेल तर आधी ती मागून घ्या.

लिफ्ट चालवणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं असणं ही पहिली अट. आयपॅफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पॅल कार्डवर (प्रशिक्षण झाल्याचं ओळखपत्र) सिझर लिफ्टसाठी ‘३ए’ हा प्रकार असतो आणि कार्ड पाच वर्षं चालतं. बूम लिफ्टचं (लांब दांड्याच्या टोकाला बास्केट असलेल्या लिफ्टचं) ‘३बी’ कार्ड सिझरला चालत नाही, ३ए कार्ड बूमला चालत नाही.

जमीन

काम जिथे आहे तिथून लिफ्ट जिथे उभी आहे तिथपर्यंत आधी पायी चाला. १९ फुटी लिफ्ट दिसायला लहान असली तरी वजनाला सव्वा ते दीड टन भरते. त्यात माणसं आणि सामान धरलं की चार बारीक, भरीव रबराच्या चाकांवर हा भार येतो, आणि एका चाकाखाली तो अर्ध्या टनाच्या घरात जाऊ शकतो. ड्रेनेज चेंबरचं झाकण, केबल ट्रेंचवरची चेकर्ड प्लेट, ताजा कोबा, पाणी मुरून भुसभुशीत झालेले पेव्हर ब्लॉक, मेझनाइनचा (शेडमधल्या मधल्या मजल्याचा) स्लॅब यांवर अंदाजाने जाऊ नका. झाकणाची क्षमता लेखी माहीत नसेल तर वळसा घालून जा. मेझनाइनवर लिफ्ट न्यायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून चाकाखालच्या भाराचा हिशेब करून घ्या.

सपाटीचा प्रश्न तर डोळ्यांनी सुटतच नाही. जीएस-१९३० सारख्या मशीनमध्ये टिल्ट सेन्सरची (मशीन किती कललं ते मोजणाऱ्या सेन्सरची) मर्यादा आडव्या बाजूला १.५ अंश आणि लांबीच्या बाजूला ३ अंश असते. दोन चाकांमध्ये आडवं अंतर ७० सेंमी धरलं तर १.५ अंश म्हणजे एका बाजूचं चाक फक्त १.८ सेंमी वर. लाकडाची एक फळी, वाळलेल्या काँक्रीटचा एक गोळा एवढ्यात ते होतं. आणि खालचा १.५ अंश ५.८ मीटर उंचीवर जाऊन १५ सेंमीचा झोक होतो. ट्रिमिक्स केलेल्या (मशीनने घोटून सपाट केलेल्या काँक्रीटच्या) फरशीलाही लोडिंग डॉकजवळ आणि पाण्याच्या निचऱ्याकडे उतार दिलेला असतो, तिथे लेव्हल ट्यूब किंवा स्पिरिट लेव्हल लावून बघा. टिल्टचा अलार्म वाजला की तो इशारा नसतो, मर्यादा ओलांडली गेलेली असते. म्हणून सपाटी ठरवण्याचं काम सेन्सरवर सोडू नका. चाकाखाली विटा किंवा फळ्या सरकवून मशीन ‘लेव्हल’ करण्याचा प्रकार तर पूर्ण बंद ठेवा.

आता वर बघा. ट्रस (छताचा लोखंडी सांगाडा), पर्लिन (पत्र्यांखालच्या आडव्या पट्ट्या), स्प्रिंकलरचे पाइप, डक्टच्या फ्लँज यांतला सर्वांत खाली आलेला भाग कुठे आहे ते खालूनच नीट पाहून ठेवा. शेडमध्ये ईओटी क्रेन (वरच्या रुळांवरून फिरणारी क्रेन) असेल तर तिचा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करून त्यावर लॉक आणि टॅग लावल्याशिवाय लिफ्ट उचलू नका. क्रेनच्या ऑपरेटरला तोंडी सांगितलं एवढ्यावर भागत नाही, पाळी बदलली की नवा ऑपरेटर येतो. बाहेर काम असेल तर विजेच्या तारा पाहा. ३०० व्होल्टच्या वर ५० केव्हीपर्यंत (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) किमान अंतर ३.०५ मीटर, ५० ते २०० केव्हीला ४.६ मीटर. एमआयडीसीच्या रस्त्याकडेच्या ११, २२, ३३ केव्हीच्या तारा पहिल्या गटात येतात. हे अंतर तारेपासून तुमच्या हातातल्या पाइपच्या टोकापर्यंत मोजायचं असतं. लिफ्ट इन्सुलेटेड नसते, तेव्हा रबराची चाकं आपल्याला वाचवतील या भरवशावर राहू नका.

खाली उभं राहून तपासणी

मशीनभोवती एक फेरी मारा. तेल ठिबकतंय का, टायरचे तुकडे उडालेत का, नट सैल आहेत का, सिझरच्या आर्मना भेगा किंवा वाक आहे का, पिना जागेवर आहेत का. रेलिंगच्या पिना नक्की बघा. दारातून लिफ्ट आत नेण्यासाठी रेलिंग घडी करतात आणि उभं करताना एखादी पिन राहून जाते. मग त्या रेलिंगला माणूस टेकतो.

बॅटऱ्या साधारण ६ व्होल्टच्या चार, मिळून २४ व्होल्ट. इथे एक गोष्ट खर्च वाचवण्याच्या नादात नेहमी चुकते. या बॅटऱ्यांचं वजन मशीनच्या तोलाचा भाग आहे. पुस्तिकेत प्रत्येक बॅटरीचं किमान वजन दिलेलं असतं. बाजारातली हलकी, स्वस्त बॅटरी बसवली की लिफ्ट चालते, वर जाते, सगळं ठीक वाटतं, फक्त तिचा बुड हलका झालेला असतो.

मग खालच्या पॅनलवरून चाचणी. किल्ली ‘ग्राउंड’वर, दोन्ही लाल इमर्जन्सी स्टॉप बाहेर ओढलेले. वर-खाली करून पाहा. खालचा लाल बटण दाबल्यावर काहीही चालता कामा नये. त्यानंतर प्लॅटफॉर्म सुमारे ६० सेंमी उचला आणि इमर्जन्सी लोअरिंगचा नॉब ओढा. प्लॅटफॉर्म हळू खाली यायला हवा. हा नॉब बहुतेक मशीनवर मागच्या बाजूला, चॅसिसजवळ असतो. लिफ्ट वर जाते ती पंपाच्या जोरावर, खाली येते ती स्वतःच्या वजनाने. सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह तेल अडवून धरतो म्हणून वीज गेली तरी ती कोसळत नाही. नॉब त्या व्हॉल्व्हला यांत्रिकरीत्या उघडतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली तरी माणूस खाली येऊ शकतो.

ही चाचणी ऑपरेटरने एकट्याने करू नये. दिवसभर खाली थांबणाऱ्या हेल्परच्या हातून ती करून घ्या. त्याला तीन गोष्टी स्वतः करून दाखवता आल्या पाहिजेत: लाल बटण दाबणं, किल्ली ग्राउंडवर फिरवून प्लॅटफॉर्म खाली घेणं, आणि नॉब ओढणं. जिनीच्या या मशीनमध्ये किल्ली ग्राउंडवर घेतली की वरचा लाल बटण दाबलेला असला तरी खालून लिफ्ट चालवता येते. किल्ली खिशात घालून चहाला गेलेला हेल्पर असून नसल्यासारखा, म्हणून किल्ली मशीनवरच राहू द्या.

बास्केटमध्ये: कंट्रोल बॉक्स

चढताना शिडीकडे तोंड, तीन ठिकाणी पकड, हातात हत्यार नाही. हत्यारं दोरीच्या पिशवीतून नंतर घ्या. आत आल्यावर दार किंवा सरकता दांडा खाली पडला आहे ना, हे हाताने दाबून खात्री करा.

कंपनीने किंवा साइटने हार्नेस (अंगात घालायचा सुरक्षा पट्टा) सांगितला असेल तर त्याची आखूड दोरी, म्हणजे लॅनयार्ड, बास्केटमधल्या ठरलेल्या अँकरलाच अडकवा. रेलिंगला नाही, आणि वरच्या ट्रसला तर मुळीच नाही. ट्रसला बांधलेला माणूस लिफ्ट खाली आली की लोंबकळतो.

बॉक्स पुढच्या रेलिंगवर टांगलेला असतो. त्यावर लाल बटण, लिफ्ट आणि ड्राइव्ह निवडायची बटणं, हॉर्न आणि जॉयस्टिक. जॉयस्टिकच्या पुढच्या अंगाला ट्रिगर असतो, तो दाबून धरल्याशिवाय काहीच हलत नाही. माथ्यावर अंगठ्याने चालणारा छोटा स्विच, तो स्टिअरिंगचा. ट्रिगर टेपने किंवा केबल टायने बांधून ठेवलेला दिसला तर ते मशीन तिथेच बंद करून सुपरवायझरला कळवा. हा ट्रिगर कशासाठी आहे ते पुढे येतंय.

बॉक्स काढता येतो, आणि धोका तिथेच आहे. बॉक्सवर रंगीत बाण असतात, तसेच बाण चॅसिसवरही असतात. कोणी बॉक्स काढून मागच्या रेलिंगवर लावला किंवा हातात उलटा धरला, की ‘पुढे’ म्हणजे तुमच्या पाठीमागे होतं आणि डावं उजवं होतं. गाडी हलवण्याआधी बॉक्सवरचा बाण आणि खालचा त्याच रंगाचा बाण जुळवा. मागे जायचं असेल तेव्हा मान वळवून दोनदा बघा, मग हॉर्न द्या, मग ट्रिगर.

चाचणीचा क्रम असा ठेवा. लाल बटण दाबून सगळं थांबतं ना ते पाहा, मग ते बाहेर ओढा. हॉर्न. ट्रिगर न दाबता जॉयस्टिक ढकला, काही हललं तर मशीन नादुरुस्त. मग लिफ्टचं बटण दाबून सोडा, त्याचा दिवा लागेल. जिनीच्या मशीनमध्ये ७ सेकंदांत जॉयस्टिक हलवला नाही तर दिवा विझतो आणि पुन्हा दाबावं लागतं. नवख्याला वाटतं मशीन बिघडलं. थोडं वर, थोडं खाली. ड्राइव्ह निवडून पुढे-मागे, स्टिअरिंग. जॉयस्टिक सोडला की मशीन लगेच थांबलं पाहिजे, कारण जॉयस्टिक सोडताच ब्रेक आपोआप लागतात.

एक चाचणी बहुतेक जण टाळतात, ती वेगाची. प्लॅटफॉर्म सुमारे १.२ मीटर उचलून मोकळ्या जागेत चालवा. खाली घडी असताना मशीन ताशी ४ किमीपर्यंत जातं, उचललेल्या अवस्थेत वेग ताशी ०.८ किमीवर आपोआप उतरायला हवा, म्हणजे १२.२ मीटर जायला ५५ सेकंद. त्याहून कमी वेळात पोचलं तर वेग कमी करणारा स्विच काम करत नाही. असं मशीन वर न्यायचं नाही.

त्याच वेळी खाली वाकून नव्हे, हेल्परला विचारून पॉटहोल गार्ड उतरलेत का ते बघा. चॅसिसच्या दोन्ही बाजूंना असलेल्या या लोखंडी पट्ट्या प्लॅटफॉर्म उचलल्यावर खाली येतात आणि जमिनीपासूनचं अंतर सुमारे ६ सेंमीवरून २ सेंमीच्या आसपास आणतात. चाक खड्ड्यात गेलं तर मशीन या पट्टीवर टेकतं. गार्डखाली वेल्डिंग रॉडचे तुकडे, काँक्रीटचा राडा अडकलेला असेल तर ते पुरते उतरत नाहीत.

वजन आणि ढकलण्याचा जोर

जीएस-१९३० ची क्षमता २२७ किलो, पुढे सरकणाऱ्या एक्स्टेन्शन डेकची ११३ किलो. पुढच्या डेकवर दोन माणसं उभी राहिली की एकूण वजन मर्यादेत असूनही डेकची मर्यादा मोडते. हिशेब साधा: ८० किलोचे दोघे, हार्नेस-बूट-हत्यारं मिळून २० किलो, उरले ४७. त्यात केबलचं भरलेलं ड्रम बसत नाही.

चढताना केलेला हिशेब वर बदलतो, हे लक्षात ठेवा. जुना डक्ट, पंखा, पाइप काढायला गेलेला माणूस हलक्या बास्केटने वर जातो आणि काढलेलं सामान बास्केटमध्ये ठेवतो. मग ओव्हरलोडचा अलार्म वाजतो आणि बऱ्याच मशीनवर सगळी हालचालच थांबते. दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील, काढलेलं सामान दर फेरीला खाली द्या.

वजनापेक्षा कमी माहीत असलेली मर्यादा आडव्या जोराची. आत, दोन माणसांसाठी ४०० न्यूटन. बाहेर, एका माणसासाठी २०० न्यूटन. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलोची ओढ. केबल ट्रेमधून जाड केबल दोघांनी जोर लावून ओढली तर ही मर्यादा सहज गाठली जाते, आणि तोही जोर सहा मीटर उंचीवर, ७६ सेंमी रुंदीच्या पायावर. केबल ओढायचं काम जमिनीवरून विंचने करा, बास्केटमधून फक्त तिला दिशा द्या. अडकलेला बोल्ट पान्याला पाइप लावून ओढू नका.

बाहेर वाऱ्याची मर्यादा १२.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४५ किमी, आणि तीही बाहेरच्या वापराची परवानगी असलेल्या मशीनला. फक्त आतल्या वापराच्या मशीनच्या प्लेटवर हा आकडा शून्य असतो. शेडचे दोन्ही बाजूंचे शटर उघडे असतील तर ‘आत’ हा शब्द फसवा ठरतो. १२.५ मीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरला सुमारे ९५ न्यूटन दाब पडतो. ३ चौरस मीटरचा पत्रा आडवा धरला की २८० न्यूटनच्या वर जोर एका पत्र्यानेच येतो. म्हणून रेलिंगला बॅनर, ताडपत्री, पत्रा बांधायचा नाही. २७ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात सरावाचं चित्रीकरण करणारा एक विद्यार्थी उंच केलेली सिझर लिफ्ट वाऱ्याने उलटून मरण पावला, झोत ताशी ८० किमीच्या वर होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या आधी अशीच वावटळ मिनिटभरात उठते. धुळीची भिंत दिसली की लगेच खाली या.

वर गेल्यावर

जागेवर येईपर्यंत लिफ्ट खालीच ठेवून चालवा, मग सरळ वर न्या. वर असताना दोन-चार फूट सरकायचं झालं तरी आधी खालच्या माणसाला हाक द्या आणि त्याने चाकांपुढची जमीन बघून हात दाखवल्यावरच सरका.

बास्केटमधला सर्वांत भयंकर अपघात पडण्याचा नसतो, चेपण्याचा असतो. माणूस कंट्रोल बॉक्सकडे तोंड करून उभा असतो, लिफ्ट वर किंवा मागे जाते आणि पाठीला बीम लागतो. बीम त्याला पुढे ढकलतो, छाती बॉक्सवर येते, आणि त्याच्याच शरीराने जॉयस्टिक आणखी दाबला जातो. ओरडायला श्वास उरत नाही. ट्रिगर याच क्षणासाठी आहे: बोटं सुटली की मशीन थांबतं. तो टेपने बांधलेला असेल तर थांबत नाही.

छताजवळ पोचलात की जॉयस्टिक पूर्ण ढकलू नका. जेवढा ढकलाल तेवढा वेग, म्हणून शेवटचा मीटर बोटभर हालचालीने घ्या, मधेमधे थांबा, मान वर करून बघा, हात रेलिंगच्या आत ठेवा. वरच्या रेलिंगवर ठेवलेली बोटं पर्लिनखाली सापडतात. थोडं कमी पडतंय म्हणून रेलिंगवर, बादलीवर, फळीवर उभं राहायचं नाही. हात पोचत नसेल तर मोठी लिफ्ट लागते.

बास्केट कुठे अडकली तर वरून जोर लावून सोडवायला जाऊ नका. लाल बटण दाबा, माणसं आधी सुरक्षित बाहेर काढा, मगच खालच्या पॅनलवरून सोडवा.

लिफ्ट वर अडली, काहीच चालत नाही, तर आधी साध्या गोष्टी बघा: वरचा लाल बटण दाबला गेलाय का, खालचा कोणी दाबलाय का, किल्ली फिरवलीय का, बॉक्सची प्लग-जोडणी सैल आहे का. स्क्रीनवर ओएल दिसत असेल तर वजन जास्त आहे. टिल्टचा अलार्म असेल तर अजून वर जायचा प्रयत्न न करता खाली या. यातलं काहीच नसेल तर हेल्परला नॉब ओढायला सांगा. रेलिंग ओलांडून आर्मवरून उतरायचं नाही, ते आर्म खाली येताना कात्रीसारखेच मिटतात.

खाली येणं आणि गाडी लावणं

खाली येताना आधी बघा, हॉर्न द्या, मग उतरा. वर काम चालू असताना खाली कोणी शिडी टेकवतो, पाइपचा गठ्ठा ठेवतो, सावली बघून बसतोसुद्धा. मशीनभोवती दोन मीटर शंकू आणि फीत लावलेली असेल तर हे टळतं. युरोपीय मानकाच्या मशीन साधारण दोन मीटरवर आल्या की काही सेकंद स्वतःहून थांबतात. हा बिघाड नाही. आर्ममध्ये कोणाचा हात-पाय नाही ना, हे बघायला दिलेली ती सवड आहे. जॉयस्टिक सोडा, खाली बघा, पुन्हा दाबा.

एक्स्टेन्शन डेक आत घेऊन पिन लावा, प्लॅटफॉर्म पूर्ण बसवा, दोन्ही लाल बटणं दाबा, आता मात्र किल्ली काढून घ्या. मशीन बंद पडलं म्हणून ढकलायचं असेल तर ब्रेक सोडण्याआधी चाकांना ठोकळे लावा, उतारावर ब्रेक अजिबात सोडू नका.

चार्जिंग हवेशीर जागी, वेल्डिंग-ग्राइंडिंगपासून लांब, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. प्लेटा उघड्या दिसत असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण पातळी चार्जिंग झाल्यावर भरायची. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्ट निम्म्या उंचीवर दम टाकते.